'पेजफाइल शून्य करा' हा सल्ला देणं आधी बंद करा

उभा_मजकूर

परवा कुणीतरी लॅपटॉप हळू चालतो म्हणून विचारलं होतं. तिथे शून्यवादी यांनी दिलेलं उत्तर जसंच्या तसं: "१६ जीबी रॅम असेल तर पेजफाइल शून्य करून टाका, हायबरनेटही बंद. एसएसडी वाचते, मशीन पळतं. तीन वर्षं असंच वापरतोय." खाली रांगेने अंगठे. (पेजफाइल म्हणजे रॅम कमी पडली तर वापरायला विंडोज डिस्कवर ठेवतं ती फाइल; हायबरनेट म्हणजे उघडलेलं सगळं डिस्कवर ठेवून मशीन बंद करणं; एसएसडी म्हणजे फिरती तबकडी नसलेली, चिपवरची डिस्क.) तिथेच उत्तर देणार होतो, पण लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी पुस्तकांची मांडणी करतो. गेल्या वर्षी ऐन दिवाळी अंकाच्या धबडग्यात पुतण्याने हाच सल्ला कुठेतरी वाचून माझ्या मशीनवर राबवला. मला न विचारता, प्रेमाने. अंकाची दोनशेच्या वर पानं, जाहिरातींच्या पीडीएफ, एकीकडे मुखपृष्ठ, ब्राउझरमध्ये लेखकांचे मेल. रात्री साडेअकराला मांडणीचं सॉफ्टवेअर गप्पकन मिटलं. ना चूक दाखवली, ना निरोप. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. तिसऱ्या वेळी टास्क मॅनेजर उघडून बसलो. परफॉर्मन्स, मग मेमरी. अव्हेलेबल ४.१ जीबी. म्हणजे रॅम शिल्लक! आणि त्याच्या बाजूला, जिथे कुणी बघत नाही तिथे: कमिटेड १५.६/१५.९ जीबी.

सगळी गोम त्या दुसऱ्या आकड्यात आहे. मंगल कार्यालयाचं उदाहरण घ्या. तुम्ही जेवणाच्या दोनशे पानांची ऑर्डर दिलीत, जेवायला आले एकशेवीस. ऐंशी पानं रिकामी दिसतात, पण ती तुमच्या नावावर आहेत, दुसऱ्या कार्याला देता येत नाहीत. विंडोज हा तसला काटेकोर मॅनेजर. प्रोग्रॅमने मेमरी मागून घेतली की ती वापरो न वापरो, हिशेबात धरली जाते, आणि हिशेबाची कमाल मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेजफाइल. पेजफाइल म्हणजे कार्यालयामागचा मांडव. तिथे कुणी बसलं नाही तरी चालतं, पण तो आहे म्हणून पुढची ऑर्डर घेता येते. मांडव काढलात की रॅम रिकामी असूनही "जागा नाही" हे उत्तर मिळतं. मग कुणी सॉफ्टवेअर सभ्यपणे सांगतं, कुणी जागीच मिटतं.

माझी अंकाची चौदा पानं गेली. पहाटे पुन्हा केली.

शून्यवादी

एवढं पुराण लावलंत, पण माझ्याकडे ३२ जीबी आहे हे विचारलंत का? आत्ता बघितलं. कमिटेड ११/३१.९. तीन वर्षांत एकदाही काही मिटलेलं नाही. तुमचं सॉफ्टवेअर रद्दी असेल तर त्याला पेजफाइल काय करणार?

आणि एसएसडीबद्दल सोयीस्करपणे काही बोलला नाहीत. तिच्यावर लिहिण्याला मर्यादा असते. उगाच रात्रंदिवस मेमरीचे तुकडे आत-बाहेर करून तिचं आयुष्य कशाला कमी करायचं?

उभा_मजकूर

३२ आहे तर सल्ल्यात १६ का लिहिलंत मालक?

एसएसडीचं सांगतो. माझ्या २५० जीबीच्या एसएसडीला कंपनीने १५० टीबी लिहिण्याची हमी दिली आहे. दहा वर्षं वापरायची म्हटली तर रोज ४१ जीबी लिहावं लागेल. मी रोज ४१ जीबीचं काम करत असतो तर कोथरूडात बंगला असता. शिवाय पेजफाइलमधून वाचणं जास्त आणि लिहिणं कमी असतं. २००९ मध्ये विंडोज ७ बनवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या इंजिनिअरांनीच मोजून सांगितलं होतं, साधारण ४० वाचनांमागे १ लेखन. त्यांचा निष्कर्ष असा की एसएसडीवर ठेवायला पेजफाइलइतकी योग्य फाइल क्वचितच असेल.

खरखर

मुलांनो, भांडा. पण मूळ नियम कुणीच सांगत नाही. पेजफाइल रॅमच्या दीडपट. किमान आणि कमाल एकच आकडा ठेवायचा, म्हणजे फाइलचे तुकडे होत नाहीत. ९८ साली पुण्याच्या तपकीर गल्लीतून मशीन जोडून आणलं, ३२ एमबी रॅम. ४८-४८ ठेवलं आणि त्यावर पेजमेकर हे मांडणीचं सॉफ्टवेअर चालवलं. तेव्हा डिस्कची खरखर ऐकून कळायचं की आता रॅम संपली, उठून चहा टाकावा. आता एसएसडीमुळे माणसाला कळतच नाही यंत्राला धाप लागलीय ते.

उभा_मजकूर

काका, तबकडीच्या, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कच्या जमान्यात किमान-कमाल एक ठेवणं बरोबर होतं, ते शंभर टक्के मान्य. पण दीडपट? रॅम वाढली की पेजफाइलची गरज कमी व्हायला हवी, तुमचा नियम वाढवायला सांगतो. १६ ला २४, ६४ ला ९६. जेवढं मोठं घर तेवढा मोठा माळा असला प्रकार. सगळी कामं एकदम उघडायची, कमिटेडचा आकडा कुठवर चढतो ते बघायचं, त्यातून रॅम वजा करायची. उरेल तेवढी किमान पेजफाइल. मायक्रोसॉफ्टच्या मार्क रसिनोविचने २००८ मध्ये हेच लिहून ठेवलंय.

खरखर

आमची ४८-४८ एकदाही मिटली नाही एवढंच सांगतो.

इयत्ता_सातवी_ब

मध्येच विचारते, क्षमस्व. शाळेत शिकवते. लॅपटॉप ४ जीबी रॅमचा, जुनी हार्ड डिस्क, बॅटरी केव्हाच गेली, चार्जरवरच चालतो. दुकानदाराने सी, डी, ई असे तीन भाग करून दिलेत. सीवर १.८ जीबी उरली आहे, डी जवळजवळ रिकामी. निकालपत्रकाचं एक्सेल उघडलं की "मेमरी कमी आहे, प्रोग्रॅम बंद करा" असं येतं. मी पेजफाइल ठेवू की काढू?

पेंग्विनपंथी

सगळेच चुकताय. व्हर्च्युअल मेमरी म्हणजे पेजफाइल नव्हे. विंडोजने पेजफाइलच्या सेटिंगच्या चौकटीला 'व्हर्च्युअल मेमरी' नाव देऊन दोन पिढ्यांची दिशाभूल केली. पेजफाइल शून्य केली तरी व्हर्च्युअल मेमरी चालूच असते. प्रत्येक प्रोग्रॅमला आपापला पत्त्यांचा पट्टा मिळतो, त्याचे ४ केबीचे तुकडे, कुठला तुकडा खऱ्या रॅममध्ये कुठे आहे त्याचा तक्ता. १९६२ मध्ये मँचेस्टरच्या ॲटलसवर हे होतं, पीसीवर १९८५ च्या ३८६ पासून. ते "बंद" करता येत नाही.

लिनक्सवर ही कटकट नाही. मागाल तेवढी मेमरी देतो. फेडोरा हा लिनक्सचा प्रकार तर २०२० पासून रॅममध्येच दाबून ठेवतं, झेडरॅम म्हणतात.

उभा_मजकूर

नावाबद्दलचं बरोबर आहे, माझ्याकडूनही ढिसाळपणा होतो.

पण "मागाल तेवढी देतो" याचा पुढचा भाग गिळलात. तुमचा मॅनेजर प्रत्येकाला हो म्हणतो, आणि सगळी वऱ्हाडं खरंच जेवायला आली की एकाची गचांडी धरून बाहेर काढतो. ओओएम (आउट ऑफ मेमरी) किलर म्हणतात त्याला. माझा ब्राउझर गेलाय त्यात, अर्धा लिहिलेला मेल घेऊन. आणि रॅममध्ये दाबून ठेवणं विंडोज १० ही २०१५ पासून करतं. टास्क मॅनेजरमध्ये 'इन यूज'च्या कंसात 'कंप्रेस्ड' लिहिलेलं असतं ते तेच.

धायरी_फाटा

पेजफाइल गेली खड्ड्यात. हायबरनेट बंद करा हे कुणी लिहिलंय? गुरुवारी दिवसभर लाईट नसते आमच्याकडे. यूपीएस सहा मिनिटं टिकतो. त्या सहा मिनिटांत हायबरनेट दाबलं की बत्तीस टॅब, तीन फाइली, सगळं जिथल्या तिथे झोपतं. संध्याकाळी लाईट आली की उठतं. ती फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के जागा खाते, खाऊ दे.

शून्यवादी

कंट्रोल एस नावाची सोय आहे, फुकट आहे. आणि गुरुवारी लाईट जाते हा तुमच्या भागाचा प्रश्न. आमच्या सदाशिव पेठेत जात नाही. गावाबाहेर राहायला जायचं आणि मग विंडोजला दोष द्यायचा.

धायरी_फाटा

गावाबाहेर?? महापालिकेला टॅक्स भरतो मी. तुमच्या वाड्यात दोन बिऱ्हाडांना एक मीटर, पंखा लावला की शेजारचा ट्यूब विझतो, त्याला लाईट म्हणता?

खरखर

गुरुवारचं कारण सांगतो. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी, म्हणून दुरुस्तीही गुरुवारी, असं आमचे साहेब सांगायचे.

धायरी_फाटा

मी घरून काम करतो काका, माझा कारखाना गुरुवारी चालू असतो.

शून्यवादी

वाड्यावर जाऊ नका. वाडा पाडून बारा वर्षं झाली, लिफ्टला जनरेटर आहे. ज्याला डेस्कटॉपला नीट इन्व्हर्टर लावता येत नाही त्याने मला मेमरी शिकवू नये.

धायरी_फाटा

लिफ्टला जनरेटर आहे म्हणजे लाईट जाते की हो!

पेंग्विनपंथी

हाहा.

उभा_मजकूर

अहो, मेमरीचं चाललंय इथे. (तरी जाता जाता: हायबरनेट बंद केलं की फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर सुरू करायची सोयही जाते, तेही त्याच फाइलवर चालतं. "विंडोज अचानक हळू सुरू व्हायला लागलं" म्हणून जे पुन्हा विचारायला येतात, त्यांतले निम्मे हेच करून आलेले असतात.)

इयत्ता_सातवी_ब

माझं राहिलं. सोमवारी निकाल द्यायचा आहे.

शून्यवादी

बाई, तुम्हाला काढायला सांगणार नाही, ४ जीबीवर पेजफाइल लागतेच, एवढं मलाही कळतं. हायबरनेट मात्र बंद करा. सीवर लगेच दीड जीबी सुटेल.

धायरी_फाटा

बॅटरी नसलेल्या लॅपटॉपला हायबरनेट बंद करायला सांगतोय हा माणूस.

शून्यवादी

बॅटरी नाही तर लाईट गेल्यावर हायबरनेट दाबणार कधी? यमाला थांब म्हणून?

उभा_मजकूर

हे मात्र शून्यवादी बरोबर बोलले. कॅलेंडरवर खूण करून ठेवतो.

बाई, तुमची पेजफाइल सीवर अडकलीय. सीवर जागा नाही, म्हणून ती वाढू शकत नाही, म्हणून तो निरोप. डीवर हलवा. सोप्या रस्त्याने सांगतो. 'धिस पीसी'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज. परफॉर्मन्सच्या चौकोनात सेटिंग्ज, पुन्हा ॲडव्हान्स्ड, व्हर्च्युअल मेमरीच्या चौकोनात चेंज. वरची 'ऑटोमॅटिकली मॅनेज' ही बरोबरची खूण काढा. यादीत डी निवडा, 'सिस्टम मॅनेज्ड साइझ'वर टिंब, आणि 'सेट' दाबा. मग सी निवडा, 'नो पेजिंग फाइल', पुन्हा 'सेट'. एक इशारा येईल की मशीन कोसळलं तर तपशील नोंदवले जाणार नाहीत, त्याला हो म्हणा, तुम्हाला ती निळ्या पडद्याची नोंद लागणार नाही. ओके, रीस्टार्ट. 'सेट' न दाबता ओके केलं तर काहीच बदलत नाही आणि माणूस विंडोजला शिव्या घालतो. मी स्वतः दोनदा घातल्यात.

वेग वाढेल ही आशा ठेवू नका. सी आणि डी एकाच तबकडीचे भाग आहेत. रॅमला जिथे १०० नॅनोसेकंद लागतात तिथे तबकडीला १० मिलिसेकंद, म्हणजे लाखपट. फक्त तो निरोप थांबेल.

खरखर

बाई, किमान-कमाल ६१४४ ठेवा, दीडपट.

उभा_मजकूर

काका!

शून्यवादी

तुमचं तोंड बंद व्हावं म्हणून मीही 'सिस्टम मॅनेज्ड' करून ठेवलंय. वेगात काडीचा फरक नाही. म्हणजे मी म्हणत होतो तेच, असली काय नसली काय.

उभा_मजकूर

फरक दिसणारच नव्हता. तुमचा आकडा ११ च्या वर जात नाही, मांडवात बसणार कोण? ३२ जीबीवाल्याने शून्य करून तीन वर्षं काही न बिघडणं शक्य आहे, एवढं मान्य करतो. मूळ उत्तरातला १६ चा आकडा तेवढा बदला.

शून्यवादी

बदलला. "३२" केलं. खुश?

उभा_मजकूर

"आधी कमिटेड बघा" हेही घातलं असतंत तर पेढे दिले असते.

इयत्ता_सातवी_ब

सगळ्यांचे आभार. पहिल्यांदा 'सेट' विसरलेच, मग पुन्हा केलं. सीवर ६ जीबी मोकळी दिसतेय. निकालपत्रक आणि ब्राउझर दोन्ही एकदम उघडले, निरोप आला नाही. सेव्ह केलं आणि तेवढ्यात लाईट गेली. फोनवरून लिहितेय.

धायरी_फाटा

आज गुरुवारच आहे. बाई, राहता कुठे?

इयत्ता_सातवी_ब

सदाशिव पेठ.