वडिलांना इन्सुलिनवर घरी आणण्यापूर्वी वॉर्डमध्येच काय शिकून घ्यावे?

सांगलीकर:
माझे वडील (वय 68) पायाच्या जखमेत जंतुसंसर्ग झाल्यामुळे नऊ दिवस रुग्णालयात आहेत. आजवर ते गोळ्यांवर होते. येथे इन्सुलिन सुरू झाले असून परवा घरी सोडणार आहेत. सकाळी 16 आणि रात्री 10 युनिट, 30/70 चे मिश्रण (30 टक्के लवकर आणि 70 टक्के सावकाश काम करणारे इन्सुलिन), जेवणाआधी अर्धा तास, एवढे सिस्टरांनी सांगितले आहे. मात्र घरी इंजेक्शन आई देणार आहे आणि तिने कधी सिरिंज हातात धरलेली नाही. डिस्चार्जच्या दिवशी बिल, औषधे आणि गाडीच्या धावपळीत कोणाचेच नीट ऐकून होत नाही, म्हणून आधीच विचारतो आहे.

रात्रपाळी:
मी मेडिसिन वॉर्डात परिचारिका आहे. परवाची वाट न पाहता आज सायंकाळच्या इंजेक्शनच्या वेळी आईंना घेऊन या आणि डोस त्यांनाच भरू द्या. "समजले का?" असे विचारले की प्रत्येक जण "हो" म्हणतो, खरे काय ते हात चालू लागल्यावर कळते. 30/70 ची बाटली गढूळ असते, ती खळखळा न हलवता तळहातांमध्ये हलकेच घोळवावी लागते, नाहीतर खाली बसलेला भाग तसाच राहतो. पोटावर रोज थोडी जागा बदलावी. एकाच जागी टोचत राहिल्यास तिथे गाठ येते आणि औषध नीट शोषले जात नाही. उघडलेली बाटली साधारण चार आठवडे वापरता येते, पण ती फ्रीझरमध्ये कधीही ठेवू नये.

अनुभवी:
सिरिंजकडे विशेष लक्ष द्या. आपल्याकडे बाटलीतले इन्सुलिन बहुधा 1 मिलिलिटरला 40 युनिटचे असते आणि त्याची सिरिंज लाल टोपणाची. केशरी टोपणाची सिरिंज 100 युनिटच्या औषधासाठी असते. आमच्याकडे औषधाच्या दुकानातून केशरी टोपणाच्या आल्या आणि आम्ही 40 च्या बाटलीतून त्यांत 20 च्या खुणेपर्यंत (0.2 मिलिलिटर) भरत राहिलो, म्हणजे प्रत्यक्षात जेमतेम 8 युनिट जात होते. साखर उतरेना म्हणून डॉक्टर डोस वाढवण्याच्या बेतात होते, तेव्हा सुदैवाने आम्ही सिरिंज सोबत नेली होती.

रात्रपाळी:
हे फार महत्त्वाचे आहे. आणखी एक गोष्ट अशी की संसर्ग ओसरला की इन्सुलिनची गरज अनेकदा कमी होते, त्यामुळे वॉर्डात योग्य असलेला डोस घरी आठ-दहा दिवसांनी जास्त ठरू शकतो. साखरेच्या नोंदी कोणाला कळवायच्या, तो फोन नंबर डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्या. घाम, थरथर किंवा असंबद्ध बोलणे दिसले आणि साखर 70 च्या खाली असली, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि 15 मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठावे.

सांगलीकर:
आज आईने डोस भरला. पहिल्यांदा मोठा बुडबुडा राहिला, दुसऱ्यांदा जमले. बाटलीवरचा 40 चा आकडा आणि सिरिंजचे लाल टोपण तिनेच मला दाखवले. वडील चतुर्थी धरतात, त्या दिवशी सकाळचे 16 तसेच द्यायचे का, असे तिने विचारले आणि सिस्टर म्हणाल्या की याचे उत्तर डॉक्टरांकडूनच घ्या. उद्या सकाळच्या राऊंडला तेच विचारणार आहोत.