नव्या माडाला पहिली पोय (फुलोरा) आली आहे. खालच्या झावळ्या कापाव्यात का?

परसदार
अलिबागजवळच्या आमच्या घरामागे चार वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात ऑरेंज डॉर्फ जातीचे तीन ठेंगू माड लावले होते. त्यांतल्या दोघांना यंदा फेब्रुवारीत पहिली पोय आली. पोय उकलल्यावर आळ्यात फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडू लागला, पुढे थोडी बोंडे दिसली आणि तीही गळून गेली. बागेचे काम पाहणाऱ्या गृहस्थांचे म्हणणे असे की पहिल्या पोयी कापून टाकाव्यात आणि खालच्या पाच-सहा झावळ्याही उतरवाव्यात, म्हणजे सगळा जोर शेंड्याकडे जाईल. झावळ्या अजून हिरव्या आहेत, फक्त सर्वांत खालच्या दोन झावळ्या टोकांकडून पिवळ्या पडत आहेत. हा सल्ला मानावा का, आणि फुले गळणे हे रोगाचे लक्षण समजावे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आगरातला
फुले गळणे हा रोग नव्हे. माडाच्या एकाच पोयीत नरफुले आणि मादीफुले दोन्ही असतात. नरफुले प्रत्येक लोंबीवर दाटीवाटीने बसलेली असतात, आणि मादीफुले, म्हणजे आपण ज्यांना बोंडे म्हणतो ती, लोंबीच्या बुडाशी मोजकीच असतात. नरफुले उमलून पराग देतात आणि गळून जातात. आळ्यात पडलेला सडा त्यांचाच आहे. उंच बाणवली माडात नरफुलांचा बहर बहुधा ओसरल्यावर त्याच पोयीतील मादीफुले फलधारणेस तयार होतात, म्हणून त्याला दुसऱ्या पोयीचा किंवा शेजारच्या माडाचा पराग लागतो. ठेंगू जातीत हे दोन्ही काळ बऱ्याच अंशी एकमेकांवर येतात, त्यामुळे परसात एकटा ठेंगू माड असला तरी त्याला नारळ धरू शकतो.

पहिल्या काही पोयींत मादीफुले फार कमी असतात, कधी एकही नसते. भरात आलेल्या माडाचीसुद्धा निम्म्याहून अधिक बोंडे गळतात, तेव्हा चार वर्षांच्या झाडाकडून लगेच घडाची अपेक्षा ठेवू नये. ठेंगू जात तिसऱ्या-चौथ्या वर्षी फुलावर येते, तर बाणवलीला सहा-सात वर्षे लागतात. त्या हिशेबाने तुमचे माड वेळेवर आहेत. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही: पोयीचा अंकुर ती बाहेर दिसण्याच्या अडीच वर्षांहून अधिक काळ आधी शेंड्यात तयार झालेला असतो. म्हणून या उन्हाळ्यात पाण्याची आबाळ झाली, तर तिचा काही परिणाम पुढच्या वर्षी किंवा त्याही नंतर दिसतो आणि तोवर आपण खरे कारण विसरून भलत्याच औषधामागे लागलेलो असतो.

पोय कापण्याची गरज नाही. वाळून कोळ झालेली पोय आणि तिचे आवरण तेवढे काढून टाकावे.

कोयता
झावळ्यांविषयी लिहितो. माडाच्या प्रत्येक झावळीच्या बेचक्यात एक पोय असते, म्हणून हिरवी झावळी उतरवली की तिच्या बेचक्यातल्या घडाचा आधार आणि अन्न दोन्ही गेले. आंबा-पेरूची छाटणी केली की बाजूने नवी फूट येते, पण माडाला शेंड्यातला एकच कोंब असतो आणि खोडाला फांद्या फुटत नाहीत. छाटल्याने जोर शेंड्याकडे जातो ही समजूत फळझाडांवरून माडावर लादलेली आहे. प्रत्यक्षात अन्न तयार करणारे पानच कमी होते. पूर्ण वाढलेल्या निरोगी माडावर तीस ते चाळीस झावळ्या असतात आणि त्याला साधारणपणे महिन्याला एक नवी झावळी येते, यावरून पाच-सहा झावळ्या म्हणजे किती महिन्यांची कमाई, याचा अंदाज करता येईल.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. माडाची जखम झाडाच्या सालीसारखी भरून येत नाही, आणि ताज्या कापाच्या वासाने सोंड्या भुंगा येऊन तिथे अंडी घालतो. त्याच्या अळ्या खोड आतून पोखरतात, आणि शेंडा कलंडेपर्यंत बाहेरून बहुधा काही कळत नाही. कुंपणावर किंवा तारांवर आल्यामुळे हिरवी झावळी कापणे भागच पडले, तर बुंध्यापासून सुमारे एक मीटर देठ राखून कापावी. पूर्ण वाळून खाली लोंबकळलेली झावळी हाताने ओढल्यावर सुटत असेल तर काढावी. सुटत नसेल तर आणखी थोडे थांबावे. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढलाच आहे म्हणून सगळे ‘साफ’ करून घेण्याचा मोह आवरावा, इतकेच.

परसदार
दोघांचे आभार. टोकांकडून पिवळ्या पडणाऱ्या त्या दोन झावळ्यांचे काय करावे? शेजारच्या एका माडाच्या नव्या पानांना कात्रीने कापल्यासारखे त्रिकोणी काप दिसतात, त्याचाही याच्याशी संबंध आहे का?

आगरातला
या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्या झावळ्या टोकांकडून आणि कडांनी पिवळ्या होत करपत असतील, तर पालाशाची (पोटॅशची) कमतरता असण्याचा संभव अधिक. पालाश झाडात फिरता असतो; कमी पडला की माड तो जुन्या पानांतून ओढून नव्या पानांना देतो. अशी पिवळी पाने दिसायला बरी नाहीत म्हणून कापली, तर झाड पुढच्या ओळीतल्या पानांतून पालाश ओढू लागते आणि पिवळेपणा वर सरकतो. कापण्याऐवजी खत द्यावे. कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेच्या शिफारशीत फळावर आलेल्या माडास वर्षाला १२०० ग्रॅम पालाश, म्हणजे सुमारे दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश, धरले आहे. ते एकदम न टाकता हप्त्यांनी, बुंध्याला न लावता आळ्यात पसरून मातीत मिसळावे आणि नंतर पाणी द्यावे. आपल्या जमिनीला नेमके काय कमी पडते हे माती तपासल्यावरच ठरेल. रत्नागिरीजवळ भाट्ये येथील प्रादेशिक नारळ संशोधन केंद्राकडे त्याबाबत विचारणा करता येईल.

त्रिकोणी काप हे गेंड्या भुंग्याचे काम आहे. न उलगडलेल्या कोंबाच्या घडीत तो आरपार शिरतो, म्हणून पान उलगडल्यावर दोन्ही बाजूंना सारखे काप दिसतात. त्याची पैदास शेणखताच्या आणि कुजक्या पाल्याच्या ढिगात होते. ढीग परसात असेल तर आधी तो उपसून पांढऱ्या जाड अळ्या वेचाव्यात. शेंड्यातील भोकातून ताजा चोथा बाहेर येत असल्यास भुंगा आतच आहे असे समजून तो लोखंडी आकडीने काढावा आणि वरच्या बेचक्यांत निंबोळी पेंड व वाळू मिसळून भरावी.

सुरंगी
वाचणाऱ्यांपैकी कोणी शोभेसाठी भेर्ली माड (फिशटेल पाम) लावला असेल, तर हे नियम त्याला जसेच्या तसे लावू नयेत. त्याचा फुलोरा शेंड्याकडून सुरू होऊन दरवेळी एकेक पायरी खाली उतरतो आणि सर्वांत खालचा फुलोरा संपला की ते खोड मरते. ही त्याची नैसर्गिक अखेर असल्यामुळे छाटणी किंवा खत देऊन ती टळत नाही. मात्र खोड सुकून उभे राहिले की घरावर कोसळण्याआधी ते उतरवून घ्यावे. त्याच्या फळांचा रस अंगाला लागला तर भयंकर खाज सुटते, म्हणून मुलांच्या खेळण्याच्या जागेवर झुकलेले घोस मात्र हातमोजे घालून वेळीच काढावेत.