डॅन्यूबकाठच्या पूरवनात आईवडिलांसह पदभ्रमण: कोठे आणि केव्हा?

कृष्णाकाठ:
नमस्कार. आम्ही व्हिएन्नात राहतो. मे महिन्यात माझे आईवडील कराडहून येत असून, त्यांना डॅन्यूबकाठचे राष्ट्रीय उद्यान पायी फिरून दाखवावे असा विचार आहे. वडिलांनी जन्मभर मळईची शेती केली असल्याने त्यांनी फोनवरच विचारले, की जेथे वरचेवर पूर येतो तेथे एवढे जंगल टिकते कसे, आणि त्याच्या मधोमध कुरणे कोठून आली? मला उत्तर देता आले नाही.

पाणथळ:
ते जंगल पुरामुळेच टिकले आहे. व्हिएन्ना व ब्रातिस्लाव्हा यांच्या दरम्यान सुमारे ३६ किलोमीटर नदी अडवलेली नाही. त्यामुळे पाण्याची पातळी ७ मीटरपर्यंत वरखाली होते. सखल भागात विलो आणि पॉप्लर, जे बराच काळ पाण्यात उभे राहू शकतात. जरा उंचावर, जेथे पूर क्वचितच पोहोचतो, तेथे ओक, एल्म आणि ॲश. हाइनबुर्गजवळ जलविद्युत प्रकल्प जवळजवळ ठरला होता, परंतु डिसेंबर १९८४ मध्ये हजारो लोक ऐन थंडीत तेथे ठाण मांडून बसले, म्हणून तो थांबला आणि १९९६ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले. ऑर्ट येथील किल्ल्यात माहिती केंद्र आहे, तेथून निघावे. विलो म्हणजे आपल्या वाळुंजाचाच भाऊबंद, वडील लगेच ओळखतील.

गवत्या:
कुरणांचे उत्तर राहिले. बहुतेक कुरणे माणसाने गवतासाठी राखलेली आहेत. कापणी थांबली की झुडपे शिरतात आणि मागोमाग जंगल, म्हणून उद्यानातही ती कापावी लागतात. व्हिएन्नाच्याच हद्दीतील लोबाऊमध्ये मात्र ‘हाइसलेंड’ नावाची वेगळी जागा आढळते: नदीने पूर्वी टाकलेल्या गोट्यांच्या जाड थरावर माती जेमतेम, पाणी ठरत नाही, त्यामुळे ओल्या वनाच्या कुशीत चक्क कोरडे माळरान. वसंतात तेथे ऑर्किड फुलतात. मी असतो तर आधी लोबाऊलाच नेले असते.

पाणथळ:
मान्य, परंतु मेच्या पूर्वार्धातच जावे. पुढे आल्प्समधील बर्फ वितळून पाणी चढते आणि डासांचा उच्छाद होतो. गोचिडींसाठी पूर्ण पायघोळ कपडे हवेत. बुरशीच्या रोगाने पुष्कळ ॲश वाळले आहेत, तेव्हा सोसाट्याचा वारा असेल त्या दिवशी झाडाखालून चालू नये. पायवाटेवर पाणी आलेच, तर उत्तर काठच्या पूररोधक बांधावरून चालता येते.