खेड्यातला स्वस्त विमा: हप्ता कोणी कापावा आणि दाव्याला कोणी उभे राहावे?

जुना लेखापाल:
नोकरीची शेवटची काही वर्षे मी भोर तालुक्यातील एका बँकशाखेत काढली. तिथले एक पासबुक अजून डोळ्यांसमोर आहे. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये, पती आजारपणात गेल्यानंतर महिनाभराने, एक बाई ते घेऊन आल्या होत्या. २०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी मेअखेरीस विम्याच्या हप्त्याचे ४३६ रुपये वळते झाल्याची नोंद त्यात छापलेली होती. २०२४ ची नोंद मात्र नव्हती, कारण त्या दिवशी खात्यात २१२ रुपये शिल्लक होते. भाताचे बी आणि खत आदल्याच आठवड्यात घेतलेले होते. दोन लाखांचा विमा २२४ रुपयांसाठी बंद पडला आणि ते घरात कोणाला कळलेही नाही.

प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा या दोन्ही योजना ९ मे २०१५ रोजी सुरू झाल्या. पहिलीत वर्षाला ४३६ रुपयांत कोणत्याही कारणाने मृत्यू आल्यास दोन लाख मिळतात, तर दुसरीत अवघ्या २० रुपयांत अपघाती मृत्यूला तेवढेच संरक्षण आहे. तेव्हा स्वस्त विमा नाही, अशी ओरड आता करता येणार नाही. अडचण तारखेची आहे. विमावर्ष १ जूनला सुरू होते, म्हणून वजावट मेच्या अखेरीस येते, आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या खात्यात वर्षभरात सर्वांत कमी पैसा नेमका तेव्हाच असतो.

माझे म्हणणे असे आहे की, पुणे जिल्ह्यापुरते बोलायचे तर विम्याची योग्य वाट गावच्या दूध संस्थेतून जाते. संस्था दर दहा दिवसांनी बिल काढते, म्हणजे वर्षाला छत्तीस बिले झाली. दोन्ही योजनांचे मिळून ४५६ रुपये छत्तीस बिलांत वाटले तर एका बिलामागे पावणेतेरा रुपयेसुद्धा पडत नाहीत. पशुखाद्याच्या पोत्याचे पैसे तसेही बिलातूनच कापले जातात. संस्थेने ही रक्कम वेगळी ठेवावी आणि मेच्या तिसऱ्या आठवड्यात सभासदाच्या बचत खात्यात भरावी. सहकारी संस्थांच्या सभासदांमार्फत विमा पोहोचवण्याचा प्रयोग कर्नाटकात २००३ साली यशस्विनी योजनेने आरोग्यासाठी केला होता. मधली काही वर्षे ती बंद राहिली, पण २०२२ मध्ये तिथल्या सरकारला ती पुन्हा सुरू करावीशी वाटली, हे लक्षात घ्यावे.

पौड रस्ता:
लेखापाल साहेब, पासबुकाची हकिगत चटका लावणारी आहे, पण उपायाशी मी सहमत नाही. मी विमा क्षेत्रातच नोकरी करतो, त्यामुळे माझा कल कुठे आहे हे आधीच सांगून टाकतो.

बिलातून परस्पर कापलेला हप्ता हा विकलेला विमा नसतो, ती वसुली असते. पीक कर्ज घेणाऱ्यांना पीक विमा २०२० च्या खरिपापर्यंत सक्तीचाच होता. हप्ता कर्जातूनच वळता होई आणि आपला विमा उतरवला आहे हे अनेकांना नुकसान झाल्यावर, तेही शेजाऱ्याकडून, समजत असे. ज्याला विमा आहे हेच ठाऊक नाही, तो नुकसानीची सूचना ७२ तासांत कुठून देणार? दूध संस्थेत तेच होईल. बिलाच्या चिठ्ठीवर पोत्याखाली आणखी एक आकडा येईल आणि कोणी विचारणार नाही.

मध्यस्थाला पैसे कशाचे मिळतात, यावर सारे ठरते. आपल्याकडे २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा सेवा केंद्रचालकाला विमा कंपनीकडून अर्जामागे ४० रुपये मिळत. पुढे बोगस अर्जांचे काय झाले ते सर्वांनी वाचले आहे. २०२५ मध्ये ती सवलत गुंडाळावी लागली. अर्जाचे पैसे दिले की अर्ज येतात, विमा येतोच असे नाही. दुसऱ्या टोकाला सुरक्षा विमा आहे. त्याचा हप्ता १२ रुपये होता तेव्हा १० रुपये कंपनीला, १ रुपया बँकेला आणि १ रुपया प्रतिनिधीला, अशी वाटणी होती. एका रुपयात कोणी नाव नोंदवील, पण दाव्याच्या वेळी तालुक्याला चार खेपा घालणार नाही.

म्हणून मला परवाना असलेली, प्रशिक्षण घेतलेली आणि ठरलेले मानधन मिळणारी व्यक्ती हवी. महिलांना विमा प्रतिनिधी म्हणून तयार करणारी आयुर्विमा महामंडळाची विमा सखी योजना डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झाली असून तीत पहिल्या वर्षी महिन्याला ७,००० रुपये विद्यावेतन आहे. चूक झाली तर नावानिशी जबाबदार धरता येईल असे माणूस त्यामुळे गावात उभे राहते. दूध संस्थेच्या सचिवाचे तसे नाही. तो पुढच्या निवडणुकीत बदलतो.

सासवडची वाट:
मी पुरंदर तालुक्यात बचत गटांचे काम करते. तुम्हा दोघांच्याही मांडणीत एक गोष्ट सुटली आहे. दूध संस्थेत खाते कोणाच्या नावावर असते? धार काढणारी, शेण उचलणारी, सकाळी किटली घेऊन जाणारी बाई असते आणि सभासद तिचा नवरा असतो. विमा सभासदाचा उतरवला जाईल. ती गेली तर घराला काही मिळणार नाही.

विमा सखीबद्दलही थोडे सांगते. आमच्या गटातील एक मुलगी ते काम करते आणि मनापासून करते. परंतु विद्यावेतन टिकवायला तिला पॉलिसींची संख्या दाखवावी लागते, त्यामुळे ती बचतीची पॉलिसी घेऊन दारात येते. ४३६ रुपयांची योजना तिच्या मोजणीत धरली जात नाही. जिच्या घरी महिन्याला दोनशे रुपये शिल्लक पडत नाहीत, तिच्या गळ्यात वर्षाला बारा हजारांचा हप्ता पडतो आणि दुसऱ्या वर्षी तो थकतो.

खरी अडचण दाव्याची आहे. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे सर्पदंशाने एक माणूस गेला. अशा मृत्यूला सुरक्षा विमा लागू होतो, पण तातडीने उपचार घेतल्याची रुग्णालयातील नोंद लागते. घरच्यांनी त्याला आधी मांत्रिकाकडे नेले आणि मग उशिरा ग्रामीण रुग्णालयात. तिथल्या कागदावर दंशाचा उल्लेखच नव्हता. तो दुरुस्त करून घ्यायला तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत त्या घराबरोबर फिरायला ना बँक होती, ना सेवा केंद्र. पुण्याच्या वस्त्यांमध्ये अन्नपूर्णा परिवार परस्पर साहाय्याचा निधी चालवतो आणि दाव्यांच्या निर्णयात सभासद बायकाच बसतात. कोणाच्या घरी काय झाले हे त्यांना कागदाच्या आधी ठाऊक असते. खेड्यात गावातील सर्व बचत गटांचा मिळून असलेला ग्रामसंघ हे काम करू शकेल.

नीरेचा:
एवढा खटाटोप कशासाठी? शेतकरी अपघात विमा वर्षानुवर्षे कंपन्यांमार्फत चालवून पाहिला. दावे रखडले, त्रुटी निघत राहिल्या, तेव्हा २०२३ मध्ये सरकारनेच कंपनीला बाजूला सारून गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने थेट सानुग्रह अनुदान सुरू केले. तेही दोन लाखच आहे. हप्ता नाही, मध्यस्थ नाही. गरिबाला विमा विकण्याऐवजी कराच्या पैशातून मदत द्यावी, हेच सरळ आहे.

जुना लेखापाल:
नीरेचे, ते अनुदान वहितीधारक शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एका व्यक्तीला मिळते, आणि केवळ अपघातात. ज्याच्या नावावर सातबारा नाही तो मजूर त्यात बसत नाही. मी सांगितलेल्या बाईंचे पती तर काविळीने गेले. त्यांनाही ते मिळाले नसते. शिवाय कंपनी गेली म्हणून कागद गेले नाहीत; प्रस्ताव आता तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जातो, इतकाच फरक पडला.

सासवडच्या ताईंचा मुद्दा मला बिनशर्त मान्य आहे. माझ्या बोलण्यातील सभासद पुरुषच होता आणि ते मला लिहिताना जाणवलेही नाही. बिल कोणाच्याही नावे निघो, त्यातून नवरा-बायको दोघांचे हप्ते दोघांच्या खात्यांत जावेत, अशी दुरुस्ती मी करतो. वजावट मोठी होईल, बिलामागे पंचवीस रुपयांच्या घरात जाईल, तरी दुभती दोन जनावरे असलेल्या घराला ती पेलेल. पौड रस्ता यांच्या आक्षेपाला उत्तर म्हणून दरवर्षी लेखी संमती घ्यावी आणि ज्याला नको त्याची वजावट त्याच दिवशी थांबवावी.

पौड रस्ता:
संमतीचा कागद सही करून घेण्यासाठीच असतो, हे आपण बँकेत राहून मला सांगायला हवे होते! माझा प्रश्न कायम आहे. सचिवाने छत्तीस वेळा पैसे कापले आणि मेमध्ये खात्यात भरलेच नाहीत, तर जूनमध्ये मेलेल्या माणसाचे दोन लाख कोण देणार? कंपनी म्हणेल हप्ता आला नाही, बँक म्हणेल शिल्लक नव्हती. संस्थेवर दावा लावायला त्या घराने पुण्याला यायचे का?

सासवडची वाट:
हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही काय करतो तेवढे सांगते. गटाच्या वहीत आम्ही एक जादा रकाना आखला आहे, ‘पासबुकात पाहिले’ असा. जूनच्या पहिल्या बैठकीला प्रत्येकीने पासबुक छापून आणायचे आणि वजावटीची ओळ अध्यक्षेला बोटाने दाखवायची. यंदा एकोणीस जणींपैकी सात जणींची ओळ नव्हती. दोघींचे खाते वापराविना गोठले होते, बाकीच्यांच्या खात्यात शिल्लक नव्हती. ऑगस्टपर्यंत पूर्ण हप्ता भरून पुन्हा नाव नोंदवता येते, मात्र अपघात सोडून इतर मृत्यूसाठी पहिले ३० दिवस संरक्षण नसते. पाच जणींनी गटातून उसने घेऊन त्याच आठवड्यात भरले. उरलेल्या दोघींसाठी मी सोमवारी बँकेत जाणार आहे. लेखापाल काका, गोठलेले खाते चालू करायला नेमके कोणते कागद न्यावेत, तेवढे इथे लिहाल का?