पासातला अधिभार आणि कळव्याचा रखडलेला मार्ग

‘लोकलचा प्रवासी तिकिटापोटी फारच कमी देतो, मग नव्या मार्गिकांना पैसा यायचा कुठून’ असा मुद्दा मांडला जातो, तो मला अर्धाच पटतो. लोकलच्या नव्या मार्गिका ज्यातून होतात त्या मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाचा भार रेल्वे आणि राज्य सरकार मिळून उचलतात हे खरे, पण त्यासाठीचा अधिभार प्रवासी आपल्या तिकिटातून आणि पासातून कित्येक वर्षे भरत आला आहे. शिवाय एप्रिल २०२२ पासून मुंबई-ठाण्यात घर घेणाऱ्याला मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभारही द्यावा लागतो.

पैशाइतकीच, किंबहुना जास्त, अडचण जागेची आहे. कल्याणकडच्या प्रवाशाला ठाण्यात न उतरता नवी मुंबई गाठता यावी म्हणून ऐरोली-कळवा उन्नत मार्ग २०१६ मध्ये मंजूर झाला. त्यातले दिघा गाव स्थानक जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले, पण वाटेतल्या झोपड्यांच्या पुनर्वसनापायी कळव्याचा जोड रखडला. मी कल्याणहून वाशीला जाते. ठाण्याला उतरल्यावर नऊ-दहा नंबरच्या फलाटांकडे जाणाऱ्या पुलावर पाऊल उचलायला जागा नसते, मागची गर्दीच पुढे ढकलते. पुनर्वसनाची घरे बांधून तयार झाल्याशिवाय अशा मार्गाची निविदाच काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.