क्लॅम्प लागल्यावरची मिनिटं

"मशीनच सगळं करतं, मग सर्जन कोणी का असेना," असं रोबोटच्या मदतीने होणाऱ्या ऑपरेशनांबद्दल वर एकांनी लिहिलंय. मला हे अजिबात पटत नाही. मी ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स आहे. किडनी वाचवून फक्त गाठ काढायची असते तेव्हा बहुतेक वेळा किडनीच्या धमनीला बुलडॉग क्लॅम्प (रक्तवाहिनी दाबून धरणारा छोटा चिमटा) लागतो, रक्तपुरवठा थांबतो आणि मी मिनिटं मोजून मोठ्याने सांगत राहते. साधारण २५ मिनिटांच्या आत गाठ काढून, टाके घालून क्लॅम्प सोडायचा असतो. उशीर झाला की उरलेल्या किडनीला इजा होण्याचा धोका वाढतो. त्यात दा विंची या सर्जरीच्या रोबोटच्या जुन्या मॉडेलांत हाताला स्पर्शच कळत नाही, दोरा किती ताणलाय ते डोळ्यांनी ओळखावं लागतं. नवख्या हातात तो तटकन तुटताना मी पाहिलाय, आणि घड्याळ चालूच असतं.

युरोपात म्हणूनच टप्प्याटप्प्याने शिकवतात: आधी सिम्युलेटर, मग प्राण्यांच्या अवयवांवर सराव, मग अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली ऑपरेशनचा एकेक भाग. अख्खं ऑपरेशन एकट्याने करणं अगदी शेवटी.

नातेवाइकांनी रोबोटचं मॉडेल विचारण्याआधी "डॉक्टर, तुम्ही स्वतः अशा किती केसेस केल्यात?" हे बिनधास्त विचारावं. आमचे सर तरी आकडा लगेच सांगतात.