मदत हवी आहे : मेरी डायर बोस्टनला परत का गेली?

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनगटात मला सतराव्या शतकात अमेरिकेतल्या बोस्टनमध्ये धर्मासाठी फाशी गेलेल्या मेरी डायरवर बोलायचं आहे आणि एका प्रश्नापाशी मी अडकले आहे.

१६३५च्या सुमारास ती नवऱ्याबरोबर इंग्लंड सोडून बोस्टनला आली. तिथले प्युरिटन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमध्ये आणखी सुधारणा हव्या असलेले कडवे प्रोटेस्टंट, स्वतःच धर्माच्या जाचामुळे देश सोडून आलेले. पण त्यांच्या धर्मगुरूंच्या शिकवणीला आव्हान देणाऱ्या ॲन हचिन्सनला त्यांनी हद्दपार केलं, तेव्हा मेरीही तिच्या पाठोपाठ ऱ्होड आयलंड या शेजारच्या, धर्मस्वातंत्र्य देणाऱ्या वसाहतीत गेली. पुढे ती क्वेकर झाली, म्हणजे धर्मगुरूंशिवाय प्रत्येकाच्या आतल्या ईश्वरी प्रकाशावर विश्वास ठेवणाऱ्या ख्रिस्ती पंथात गेली. हद्दपार केलेला क्वेकर परतला तर मृत्युदंड, असा कायदा मॅसॅच्युसेट्सने, म्हणजे बोस्टन ज्या वसाहतीत होतं तिने, १६५८मध्ये केला. १६५९मध्ये हा कायदा मोडल्याबद्दल बोस्टनमध्ये तिच्या दोन साथीदारांना फाशी दिली. तिच्या गळ्यात दोर अडकवून ऐनवेळी सोडलं. तरी ती परत गेली आणि १ जून १६६०ला फाशी गेली. ऱ्होड आयलंडमध्ये तिला धर्मासाठी कुणी हात लावला नसता, म्हणून हे मला फार अस्वस्थ करतं.

तिने न्यायालयाला लिहिलेली पत्रं कुणी मुळातून वाचली आहेत का? परतण्याचं कारण ती काय देते? आणि स्वतः छळ सोसलेल्या प्युरिटनांना ही शिक्षा न्याय्य कशी वाटली? बोस्टनकरांनो, तिथल्या स्टेट हाउससमोर (राज्याच्या विधिमंडळाच्या इमारतीसमोर) तिचा पुतळा आहे. त्यावरच्या मजकुराचा स्पष्ट फोटो कुणी पाठवू शकेल का?